शिबिरानंतरचे काम : वस्तीतील स्त्रियांच्या आरोग्य तपासणीविषयी वाचकांचे प्रश्न

वस्त्यांमधील आरोग्य शिबिरांविषयी गेल्या अंकात आलेल्या लेखानंतर ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून अनेक पत्रे आली. काही पत्रे शिबिर भरवणाऱ्यांची आहेत, पण अधिक पत्रे अशा स्त्रियांची किंवा त्यांच्या मुलींची आहेत, ज्यांच्या हातात तपासणीचा कागद पडला आणि पुढे काय करायचे हे कोणीच सांगितले नाही. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : आमचा महिला बचत गट आहे. बहुतेक जणी घोडबंदर रस्त्यावरील संकुलांत धुणीभांडी आणि स्वयंपाकाची कामे करतात. गेल्या वर्षी आम्ही समाजमंदिरात आरोग्य शिबिर भरवले. साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन तपासले, टॉनिकच्या बाटल्या वाटल्या. ज्यांना ‘मोठ्या दवाखान्यात दाखवा’ असे सांगितले होते, त्यांच्यापैकी कोणी गेल्याचे आम्हांला माहीत नाही. यंदा एक कंपनी खर्च द्यायला तयार आहे. या वेळी कोणत्या तपासण्या ठेवाव्यात? (मानपाडा, ठाणे)

उत्तर : ताई, ‘कोणी गेल्याचे आम्हांला माहीत नाही’ हे आपण प्रांजळपणे लिहिले आहे आणि माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तोच आहे. तपासणीने आजार बरा होत नाही. ज्या स्त्रीत दोष आढळला ती पुढच्या डॉक्टरपर्यंत पोहोचली आणि तिचे उपचार सुरू झाले, तरच त्या दिवशीच्या खटाटोपाला अर्थ राहतो. त्यामुळे कंपनीशी बोलताना तपासण्यांची यादी वाढवून मागण्याऐवजी शिबिरानंतरचे तीन महिने वस्तीत फिरून पाठपुरावा करणाऱ्या एका कार्यकर्तीचे मानधन आणि ज्यांना रुग्णालयात जावे लागेल त्यांच्या जाण्यायेण्याचा खर्च आधी मागून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

तपासण्या कोणत्या, हे ठरवायला फार विचार करावा लागत नाही. तीस वर्षांवरील सर्वांसाठी सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात पाच गोष्टी ठरलेल्या आहेत : रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग. यांत स्त्रियांसाठी हिमोग्लोबिनची भर घालावी, कारण २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. त्याच सर्वेक्षणात देशभरातील ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे जेमतेम दोघींची गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेली होती आणि स्तनांची तपासणी झालेली एक जण मिळणेही कठीण होते. साखर आणि रक्तदाब तपासणारी शिबिरे आपल्याकडे गल्लोगल्ली होतात. गर्भाशयमुखाच्या आणि स्तनांच्या तपासण्या मात्र आडोसा, प्रशिक्षित परिचारिका आणि वेळ लागतो म्हणून टाळल्या जातात. आपण त्या टाळू नयेत. समाजमंदिरात व्यवस्था होणार नसेल, तर त्या दिवशी फक्त माहिती सांगून नावे घ्यावीत आणि महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्राशी बोलून आठ-दहा जणींच्या तुकड्या ठरलेल्या दिवशी तेथे न्याव्यात.

काही गोष्टी मात्र स्पष्टपणे नाकाराव्यात. ‘रक्तावरून कर्करोगाचे निदान’ अशी जाहिरात करून ज्या चाचण्या विकल्या जातात, त्या कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रियांच्या चाळणीसाठी शिफारस केलेल्या नाहीत, आणि त्यांतून नुसती भीती व पुढचा खर्च पदरात पडतो. टॉनिकच्या बाटल्यांवरचा पैसाही वाचवावा. रक्तक्षयावर लागणाऱ्या लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतात.

वेळेविषयी विशेष लिहितो. शिबिरे साधारणपणे सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेत होतात, आणि नेमक्या त्याच वेळी आपल्या गटातल्या बायका तिसऱ्या किंवा चौथ्या घरी भांडी घासत असतात. एक खाडा म्हणजे पगारातली कपात, शिवाय मालकिणीचे बोलणे. शिबिर संध्याकाळी पाचनंतर किंवा त्यांच्या सुट्टीच्या दिवशी ठेवले, तर ज्यांच्यासाठी खटाटोप केला त्या येतील. नाहीतर घरी असलेल्या आणि त्यातल्या त्यात सुस्थितीतल्या बायकांचीच तपासणी होईल.

रक्तदाब मोजण्यापूर्वी प्रत्येकीला पाच मिनिटे खुर्चीवर शांत बसू द्यावे. चढण चढून धापा टाकत आलेल्या स्त्रीच्या दंडाला लगेच पट्टा गुंडाळला तर आकडा वाढलेलाच येतो, आणि मग काहीही आजार नसलेल्या बाईला आयुष्यभराची चिंता लागते. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० अथवा त्याहून अधिक आला, तरी त्या एका मोजणीवर निदान करायचे नसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे लागते. बोटातून थेंब घेऊन केलेल्या साखरेच्या चाचणीचेही तसेच आहे. ती १४० च्या वर आली तर उपाशीपोटी प्रयोगशाळेत तपासून घ्यावी.

आणि वही. जाड पुठ्ठ्याची एक साधी वही करावी. तिच्यात नाव, फोन, काय आढळले, कोठे पाठवले, कोणत्या तारखेला गेली आणि काय उपचार सुरू झाले, एवढे रकाने आखावेत. शेवटचे दोन रकाने रिकामे असतील तोवर ते काम पुरे झाले असे समजू नये. वही कोणाच्याही हाती पडणार नाही याची काळजी घ्यावी आणि निकाल रांगेत मोठ्याने वाचून न दाखवता प्रत्येकीला बाजूला बसवून सांगावा. वस्तीत कोणाच्या ‘पिशवीत दोष आहे’ ही बातमी वाऱ्यासारखी पसरते आणि तिचा त्रास आजारापेक्षा मोठा होऊन बसतो.

प्रश्न : मी चाळीस वर्षांची असून घरकाम करते. दोन महिन्यांपूर्वी शिबिरात पिशवीच्या तोंडाला औषध लावून तपासले आणि कागदावर ‘व्हीआयए पॉझिटिव्ह’ लिहून दिले. घरी कागद दाखवला तर सासूबाई म्हणाल्या, कॅन्सर आहे. मालक म्हणतात, हा रोग तुला लागला कुठून. मला काहीच त्रास नाही. त्या दिवसापासून कागद रेशनकार्डाच्या पिशवीत तसाच ठेवला आहे. (कोपरखैरणे)

उत्तर : ताई, सर्वप्रथम हे लक्षात घ्या की हा कागद कर्करोगाचे निदान सांगत नाही. व्हीआयए या तपासणीत गर्भाशयाच्या मुखावर सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे साध्या व्हिनेगरमध्ये असते तेच आम्ल, लावून एक मिनिट थांबतात. तेथील पेशींत काही बदल असेल तर तो भाग पांढरा दिसतो. पांढरा डाग संसर्गामुळे, सुजेमुळे किंवा कर्करोगाच्या फार आधीच्या अवस्थेमुळेही दिसू शकतो. ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या बहुसंख्य स्त्रियांना कर्करोग नसतो. आपल्याला त्रास नाही म्हणून पुढे जाण्याची गरज नाही, असे मात्र कृपया समजू नका, कारण ही तपासणी त्रास सुरू होण्याआधीच दोष पकडण्यासाठी केली जाते. अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा लाल जाणे ही लक्षणे दिसेपर्यंत थांबले तर अनेकदा उशीर झालेला असतो.

आता मालकांच्या प्रश्नाविषयी. हा बदल बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधातून येतो हे खरे, पण वैवाहिक आयुष्यात बहुसंख्य स्त्रीपुरुषांना तो कधी ना कधी होऊन जातो आणि बहुतेकांच्या शरीरातून आपोआप निघूनही जातो. काहींच्या शरीरात तो वर्षानुवर्षे मुकाट राहतो. त्यामुळे तो कधी आला आणि कोणाकडून आला, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. आपल्या मालकांनी या कागदावरून आपल्या चारित्र्याविषयी काही अनुमान काढणे सर्वस्वी चुकीचे आहे. ते तयार असतील तर रुग्णालयात त्यांना सोबत घेऊन जावे आणि हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकू द्यावे. पत्नीने सांगितलेले न पटणारे पुरुष डॉक्टरांचे ऐकतात, असा माझा अनुभव आहे. ते तयार नसतील तर त्यांच्यासाठी थांबू नका, शेजारीण किंवा आशाताई बरोबर आली तरी पुरे.

पुढची तपासणी अशी होते. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयातील, आपल्यासाठी वाशीच्या, स्त्रीरोग विभागात हा कागद दाखवावा. तेथे दुर्बिणीसारख्या उपकरणातून, म्हणजे कॉल्पोस्कोपने, गर्भाशयाचे मुख मोठे करून पाहतात. दहा-पंधरा मिनिटांचे काम असते, भूल द्यावी लागत नाही. गरज वाटली तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासायला पाठवतात. कर्करोगाची पूर्वावस्था आढळली तर तेवढा भाग उष्णतेने किंवा अतिथंड तापमानाने नष्ट करता येतो, बहुतेकींना त्याच दिवशी घरी जाता येते आणि त्यासाठी सहसा पिशवी काढावी लागत नाही. नंतर काही आठवडे अंगावरून पाण्यासारखे जाते, ते अपेक्षित असते. सुमारे महिनाभर संबंध टाळावा लागतो. जाण्याआधी कॉल्पोस्कोपी कोणत्या वारी होते याची चौकशी करावी, म्हणजे एका कामासाठी दोन खाडे पडणार नाहीत. पाळीच्या दिवसांत ही तपासणी होत नाही. पुढे काही मोठा उपचार लागलाच तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखाली तो विनामूल्य होऊ शकतो, म्हणून शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर ठेवावे.

विषाणूचा संसर्ग झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारणपणे पंधरा ते वीस वर्षे जातात. दोन महिन्यांच्या विलंबाने आपले काही बिघडले असण्याची शक्यता म्हणूनच कमी आहे. पण येत्या पंधरवड्यात जाऊन यावे. या साध्या तपासणीवर विश्वास ठेवावा का, अशी शंका शेजारच्या कोणी काढली तर त्यांना सांगावे की मुंबईतल्याच झोपडपट्ट्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये तिचा अभ्यास केला होता. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. दर दोन वर्षांनी तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. त्या स्त्रियांची घरे आणि त्यांची कामे आपल्यासारखीच होती.

प्रश्न : तुर्भ्याच्या बाजारात मी धान्य निवडण्याचे काम करते. माझे हिमोग्लोबिन ८.४ आले. गोळ्या दिल्या, पण त्यांनी शौचाला काळे होते आणि पोट जड राहते, म्हणून सोडल्या. बीट आणि खजूर खाऊन भागेल का? (तुर्भे स्टोअर)

उत्तर : नाही भागणार, ताई. स्त्रीचे हिमोग्लोबिन किमान १२ असावे लागते आणि ८.४ वरून तेथपर्यंत केवळ आहाराने पोहोचता येत नाही. शौचाला काळे होणे हा गोळीतल्या लोहाचा परिणाम असून तो निरुपद्रवी आहे. हे गोळ्या देतानाच सांगायला हवे होते. पोट जड होत असेल तर गोळी रात्रीच्या जेवणानंतर घ्यावी आणि दिवसभरात पाणी अधिक प्यावे. गोळीच्या आधी व नंतर एक-दोन तास चहा मात्र कटाक्षाने टाळावा. बाजारात चहाच्या फेऱ्या सतत चालू असतात आणि चहा लोह शोषू देत नाही. लिंबू, आवळा किंवा पेरू खाल्ल्यास ते अधिक चांगले शोषले जाते. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती वेगळ्या वेळी घ्यावी. महिन्याने पुन्हा हिमोग्लोबिन तपासावे. ते साधारण एक अंकाने वाढायला हवे. वाढले नाही, तर पाळीत फार रक्त जाते का, मूळव्याध आहे का, पोटात जंत आहेत का, किंवा थॅलेसेमियाचा वाहक दोष आहे का, हे डॉक्टरांना पाहावे लागेल. आकडा १२ झाल्यावरही गोळ्या आणखी तीन महिने चालू ठेवाव्यात, म्हणजे शरीरातला साठा भरून निघतो.

प्रश्न : माझी आई पंचावन्न वर्षांची आहे. लहानपणापासून मिशरी लावते. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसतो. दुखत नाही म्हणून ती डॉक्टरकडे यायला तयार नाही. शिबिरात तिला तंबाखूविषयी विचारले तेव्हा तिने ‘नाही’ सांगितले. (दिघा)

उत्तर : आपल्या आई खोटे बोलल्या असे मला वाटत नाही. घाटावरच्या आणि मराठवाड्यातल्या अनेक स्त्रियांच्या मनात मिशरी म्हणजे दात घासण्याची पूड असते. तंबाखू म्हणजे पुरुष मळून खातात ती. मिशरी ही तव्यावर भाजून कुटलेली तंबाखूच आहे आणि ती दिवसातून चार-पाच वेळा हिरड्यांवर चोळली जाते. म्हणून तपासणी करणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे की ‘तंबाखू खाता का’ एवढ्यावर न थांबता मिशरी, तपकीर, सुपारी, गुल यांची एकेक करून नावे घेऊन विचारावे. सकाळी मिशरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही का, असे विचारले की उत्तरे अधिक मोकळी मिळतात.

पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा आणि दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दाखवलीच पाहिजे. न दुखणे हे येथे दिलाशाचे लक्षण नाही, कारण तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही. आईंना तोंड उघडून स्वतःची तीन बोटे उभी आत घालायला सांगावे. ती जात नसतील तर तोंडाची लवचीकता कमी झाली आहे, असे समजून तेही डॉक्टरांना सांगावे. दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ गरजेप्रमाणे तुकडा तपासतील. अशा सर्वच चट्ट्यांचा कर्करोग होत नाही, आणि मिशरी सुटली तर काही चट्टे कमीही होतात. चाळीस वर्षांची सवय रागावून सुटत नाही. पहिला आठवडा चिडचिड, डोके दुखणे, पोट साफ न होणे असा त्रास होतो. त्या दिवसांत सकाळी कोमट पाणी, तोंडात लवंग किंवा बडीशेप आणि घरच्यांचा संयम लागतो. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेच्या १८००११२३५६ या विनामूल्य क्रमांकावर समुपदेशन मिळते.

प्रश्न : आमच्या महिला मंडळातर्फे मी वस्तीत स्तनांच्या कर्करोगाविषयी माहिती सांगते. तक्ता उघडला की बायका तोंडाला पदर लावतात, तरुण मुली उठून जातात. कसे शिकवावे? (ऐरोली)

उत्तर : तक्ता मिटून ठेवा. वीस-पंचवीस जणींसमोर भाषण करण्यापेक्षा पाच-सहा जणींना एखादीच्या घरात, दार लावून, जमिनीवर गोल करून बसवा. गाठ हाताला कशी लागते हे शब्दांत सांगता येत नाही. प्रशिक्षणासाठी मिळणारे सिलिकॉनचे नमुने आरोग्य केंद्रातून किंवा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातून मागून पाहा, आणि प्रत्येकीला बोटांची पेरे सपाट ठेवून ते दाबू द्या. लाज बरीचशी तेथेच मोडते, कारण हात कामात गुंतलेले असतात. पाळी सुरू झाल्यापासून साधारण आठव्या दिवशी, पाळी गेलेल्यांनी महिन्याची एखादी ठरावीक तारीख धरून, अंघोळीच्या वेळी दोन्ही स्तन आणि काखा चाचपून पाहाव्यात. कडक गाठ, कातडीला पडलेली खळी, आत ओढले गेलेले बोंड, बोंडातून आपोआप येणारे रक्त यांपैकी काही आढळले तर आठवड्याच्या आत दाखवावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात हे प्रत्येक बैठकीत सांगावे. भीती घातली की बायका गाठ लपवतात.

स्वतः चाचपून पाहणे प्रशिक्षित हातांनी केलेल्या तपासणीची जागा घेत नाही, हेही त्यांना समजू द्या. मुंबईतील वस्त्यांमध्ये वीस वर्षे चाललेल्या टाटा रुग्णालयाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्तन तपासलेल्या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत असा फायदा दिसला नाही. त्यामुळे बैठकीला तरुण मुली आल्या नाहीत तर एक वेळ चालेल, पण ‘आता या वयात मला काय होणार’ म्हणून मागे बसणाऱ्या आजींना हाताला धरून पुढे आणावे.

प्रश्न : गावी बत्तिसाव्या वर्षी माझी पिशवी काढली. आता मला तपासणीची गरज नाही ना? (घणसोली)

उत्तर : पिशवी तोंडासकट काढली असेल आणि त्यात कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था आढळली नसेल, तर गर्भाशयमुखाच्या तपासणीची गरज नाही. शस्त्रक्रियेचे कागद असतील तर ते डॉक्टरांना दाखवा. नसतील तर आतून एकदा पाहिले की तोंड शिल्लक आहे की नाही हे कळते. स्तन, तोंड, रक्तदाब आणि साखर या तपासण्या मात्र इतर स्त्रियांप्रमाणेच कराव्या लागतील. शस्त्रक्रियेत बीजांडकोशही काढले असतील तर इतक्या लहान वयात हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. पाठ किंवा कंबर दुखत असेल, अंगातून गरम वाफा येत असतील, तर ‘पिशवी अमुक वर्षी काढली’ हे तपासणीच्या वेळी आपणहून सांगा. शिबिराच्या फॉर्मवर तो प्रश्न अनेकदा नसतो.